कोणतं पाल

गुलमंडीच्या मागच्या बोळात आमच्या सायंदैनिकाची कचेरी होती. खाली छापखाना, वर एक खोली, तिला आम्ही संपादकीय विभाग म्हणायचो. प्रुफं वाचणारे गृहस्थ मात्र खालीच बसत. छपाईच्या खिळ्यांच्या, म्हणजे टाइपांच्या, केसेस संपतात तिथं खिडकीपाशी त्यांचं उंच स्टूल होतं. हजेरीपटावर त्यांचं नाव असणारच, पण ते कुणी घेत नसे. सगळ्यांचे ते मुन्शीजी.

ओलं प्रूफ समोर आलं की ते आधी चष्मा पुसायचे. मग प्रूफ नाकाजवळ नेऊन शाईचा वास घ्यायचे आणि वाचायला लागायचे. वाचता वाचता एखाद्या गावाचं नाव आलं की थांबायचे. इतर जण लाल पेन्सिल वापरत, हे बरू वापरत. लाल शाईत बरू बुडवून त्या नावाभोवती एक गोल काढायचे. गोल कंपासनं काढल्यासारखा यायचा. मग समासात लिहायचे, ‘कोणतं?’

आमच्या मुलखात गावांना नावं देताना लोकांनी फार काटकसर केली आहे. दर तालुक्यात दोन-तीन वडगावं, तितकीच पिंपळगावं, टाकळ्यांची तर गिनतीच नाही. बातमीदारानं ‘वडगावात बैलगाडी उलटून एक ठार’ एवढं पाठवलं की आम्हाला ते पुरे वाटायचं. त्या वडगावच्या लोकांना ते आधीच माहीत असतं, असं आमचं म्हणणं. मुन्शीजी म्हणायचे, त्यांचं सोडा, बाकीच्या वडगावांनी काय करायचं? ज्यांचा माणूस त्या दिवशी बैलगाडी घेऊन बाहेर पडलाय, त्यांनी पेपर वाचून कुणाकडं पाहायचं?

ऐकताना पटायचं. पण पान एक वाजता बांधायचं असे, गठ्ठे तीनच्या गाड्यांवर चढवायचे असत, आणि त्या गडबडीत खालून गोल काढलेलं प्रूफ परत आलं की डोकं फिरायचं. एकदा बातमी होती, ‘गंगेत बुडून तरुणाचा मृत्यू’. मुन्शीजींनी गंगेभोवती गोल काढला. आमच्याकडं गोदावरीलाच गंगा म्हणतात हे शेंबड्या पोरालाही माहीत. हेड कंपोझिटर किसनराव हसत वर आले आणि म्हणाले, मुन्शीजी विचारतायत, काशीची का पैठणची? मी खाली जाऊन जरा तिरकसपणे बोललो. मुन्शीजी शांतपणे म्हणाले, पैठणची, ते ठावं हाय साब. पण त्याचा एखादा भाऊ तिकडं काशीकडं नोकरीला असंल तर?

अंगात मळकट काळी शेरवानी, कोपरापाशी रफू केलेली. डोक्यावर टोपी. आवाज इतका खालचा की यंत्र चालू असताना त्यांचं बोलणं ओठांवरून वाचावं लागे. पोलीस ॲक्शनच्या आधी ते एका उर्दू अखबारात कातिब होते. उर्दूत तेव्हा खिळे जुळवत नसत. कातिब सगळा मजकूर हातानं सुंदर अक्षरात लिहायचा आणि ते दगडावर उतरवून छापायचे. म्हणजे अख्खा अखबार एका माणसाच्या हस्ताक्षरात. मुन्शीजींनी ते काम बारा-तेरा वर्षं केलं. निजामी गेली, कचेऱ्यांची भाषा बदलली, अखबाराचा मालक हैदराबादला निघून गेला आणि मुन्शीजी पस्तिशीच्या आसपास बिनभाषेचे झाले. ‘बिनभाषेचे’ हा शब्द त्यांचाच.

मग ते मराठी शिकले. मुलगी नसीम पहिलीत होती. तिच्याच पुस्तकातून, तिच्याच शेजारी पाटावर बसून. पुढं तिचं पुस्तक बदललं की यांचं बदले. बोलणं शेवटपर्यंत आमच्या मराठवाडी-दखनी मिसळीचंच राहिलं, व्हय, नाय, लई. पण कागदावर त्यांच्या नजरेतून ऱ्हस्वाचा दीर्घ कधी सुटला नाही. पुण्याहून शिकून आलेल्या मला त्यांनी ‘पुनरावलोकन’ चूक आणि ‘पुनरवलोकन’ बरोबर का, हे समजावलं होतं. मला ते झोंबलं होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्यांची आणखी एक सवय होती. जमिनीवर पडलेला, अक्षरं असलेला कुठलाही कागद ते पायाखाली येऊ देत नसत. फाटकं प्रूफ असो, भेळेचा कागद असो, वाकून उचलायचे, घडी करायचे आणि शेरवानीच्या खिशात टाकायचे. संध्याकाळी घरी निघताना त्यांचे खिसे फुगलेले असायचे. किसनराव म्हणायचे, मुन्शीजी, घरी काय शेगडी पेटवता का त्याच्यावर? असे कागद जाळत नाहीत, साठवून पाण्यात सोडतात, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांच्या पिशवीत एक जाडजूड वही असे. त्यात एकसारख्या नावांची गावं, तालुक्यासकट. एका बाजूनं देवनागरी, दुसऱ्या बाजूनं उर्दू. नावांबरोबर त्या शब्दाचे इतर अर्थही. वहीचं पहिलंच पान ‘पाल’ या शब्दाचं होतं. मी ते एकदा चाळलं. फुलंब्रीजवळचं पाल. रावेरकडं सातपुड्याच्या पायथ्याचं पाल. साताऱ्याकडचं, खंडोबाचं पाल. मग भिंतीवरची पाल, तिच्यापुढं कंसात ‘स्त्रीलिंगी’. मग राहुटी, डेरा. मग आंबे पिकवायला घालतात तो पेंढा, त्याला त्यांच्या घरी पाल म्हणत. आणि शेवटी छावणीतले एक बंगाली डॉक्टर, आडनाव पाल.

‘अ’ नाही, ‘क’ नाही, वही ‘पाल’पासूनच का सुरू होते, असं मी सहज विचारलं. जेवणाची सुट्टी होती, यंत्र बंद होतं. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि मग सांगितलं. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही.

त्यांचा धाकटा भाऊ सिल्लोडला एका जिनिंगमध्ये कामाला होता. पोलीस ॲक्शनच्या त्या आठवड्यात मुसलमानांवर हल्ले सुरू झाले, जो तो वाट फुटेल तिकडं पळाला, तसा तोही. पंधरा-वीस दिवस काही पत्ता नाही. मग एके दिवशी बाजाराला आलेला एक शेतकरी विचारत विचारत मुन्शीजींच्या दाराशी आला. म्हणाला, तुमचा भाऊ जिवंत हाय. पायाला लागलंय, चालता येत नाय. पालात हाय, घेऊन या. पाणीसुद्धा न पिता तो माणूस गेला. त्यालाही कुणी पाहू नये अशी भीती असणार.

मुन्शीजी दुसऱ्या दिवशी फुलंब्रीजवळच्या पालला गेले. तिथं असं कुणी नव्हतं. मग कुणी सांगितलं म्हणून रावेरच्या पालला गेले. तिथून आल्यावर, हातातलं होतं नव्हतं विकून, साताऱ्याकडच्या पालला. खंडोबाच्या देवळाबाहेर दोन दिवस बसून राहिले. धड मराठी येत नव्हतं, तोंड उघडलं की लोक निरखून पाहायचे. भाऊ सापडला नाही. सहा महिन्यांनी नाही, वर्षानं नाही. निरोप आणणाऱ्या शेतकऱ्यालाही त्यांनी पुढं दर बाजारी शोधलं, पण त्याचं नाव, गाव काहीच विचारून ठेवलेलं नव्हतं.

“एवढंच विचारायचं व्हतं साब,” ते म्हणाले. “कोणतं पाल. तो दारात उभा व्हता. मी खुशीत राहिलो अन् विचारलंच नाय.”

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. ऐकून गलबललो. दोन-चार आठवडे प्रुफावरच्या गोलांकडं मायेनं पाहिलं. मग पुन्हा रोजची घाई सुरू झाली.

त्याच वर्षी मालकांनी पान बांधायची सगळी जबाबदारी माझ्यावर टाकली. मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. माणूस सज्जन, पण पेपर वेळेत निघाला नाही की त्यांचा तोल जाई. पुढं एका मंत्र्यांचा दौरा आला. ते पिंपळगावात सभा घेणार, अशी बातमी. मुन्शीजींनी गोल काढला. मी वरून निरोप पाठवला, तसंच जाऊ द्या. ते जिना चढून वर आले, चढताना त्यांना दम लागायचा, आणि म्हणाले, लोक चुकीच्या पिंपळगावला जातील. कलेक्टर कचेरीत फोन लावून, लागेपर्यंत वाट पाहून, उत्तर येईतो पाऊण तास गेला. त्या दिवशी सिल्लोड आणि कन्नडचे गठ्ठे चुकले. अण्णा माझ्यावर सगळ्यांसमक्ष ओरडले.

दुसऱ्या दिवशी मी नियम केला. बारानंतर आलेल्या बातमीचं प्रूफ मुन्शीजींकडं जाणार नाही, ते मी स्वतः पाहीन. त्यांना हे सांगायला मी खालीही गेलो नाही, किसनरावांकरवी कळवलं. तेव्हापासून बारा वाजले की मुन्शीजी बरू धुऊन ठेवायचे आणि हात मांडीवर ठेवून बसायचे. घरी जायची त्यांना मुभा होती, पण पान यंत्रावर चढेपर्यंत ते हलत नसत.

चैत्र होता. वारा सुटलेला, अख्ख्या शहरात धूळ. साडेबाराच्या सुमारास फुलंब्रीच्या बातमीदारानं एसटीच्या कंडक्टरकडं दिलेली चिठ्ठी आली. हे बातमीदार म्हणजे तिथले एक शिक्षक. चिठ्ठीत एकच ओळ होती, ‘काल दुपारी फुलंब्रीजवळ पाल जळून बाई व दोन लेकरं मेली, सविस्तर मागाहून.’

पहिल्या पानावर जागा होती. मी उभ्या उभ्या बातमी लिहिली. मथळा दिला, ‘पाल येथे भीषण आग’. खाली लिहिलं, ‘फुलंब्रीजवळील पाल येथे काल दुपारी घराला आग लागून एक महिला व तिची दोन मुले मृत्युमुखी पडली.’ चिठ्ठीत घर नव्हतं. घर हा शब्द माझा. तिची हा शब्दही माझा. मी बातमी घेऊन खाली गेलो तेव्हा मुन्शीजी तिथंच बसलेले होते. त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी तो कागद त्यांच्या समोरून किसनरावांच्या हातात दिला. त्यांनी काही मागितलं नाही, मी दाखवलं नाही. एक वाजायला दहा मिनिटांवर पान बांधून झालं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

गुलमंडीवर एका कापड दुकानाच्या ओट्यावर एक वयस्क शिंपी मशीन घेऊन बसत. आमचा पेपर रोज चारच्या सुमारास त्या ओट्यावर कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवत असे. त्यांची लेक पालला दिली होती, पदरी दोन मुलं. बातमी ऐकली तशी त्यांनी मशीनवरचं कापडसुद्धा काढलं नाही. घरी जाऊन बायकोला घेतलं आणि दोघांनी फुलंब्रीची गाडी धरली. ती माउली गाडीत सारखी कपाळ बडवून घेत होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. फुलंब्रीला उतरल्यावर पुढं पायी निघाले. पालात शिरताना त्यांनी आधी धूर कुठं दिसतो का ते पाहिलं. लेकीच्या दारात पोचले तर लेक भाकरी थापत होती.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कचेरीत आले. एकटे नाही. लेक, तिची दोन मुलं, सगळ्यांना घेऊन जिना चढून आले. लेकीनं डोक्यावरचा पदर चेहऱ्यावर ओढला होता, मुलं टेबलावरचा डिंक आणि कात्री पाहत होती. त्यांनी तिघांना माझ्या टेबलासमोर एका ओळीत उभं केलं.

“मोजून घ्या साहेब,” ते म्हणाले. “तीन हायत का बघा. तिच्या आईला अजून खरं वाटंना. रात्रभर पोरीचे हात धरून बसली व्हती. आता घरी पडलीय, बोलत नाय.”

अण्णा आले, त्यांनी हात जोडले, चहा मागवला. शिंपीदादांनी चहा घेतला नाही. मुलांनी घेतला.

ते गेल्यावर अर्ध्या तासानं फुलंब्रीचे बातमीदार घामाघूम होऊन आले. त्यांनी कालचा पेपर तिथं पाहिला होता. खाली छापखान्यातच ते मला भेटले. म्हणाले, साहेब, पाल गाव नव्हं, पाल. घिसाड्यांचं पाल. रस्त्याच्या कडंला दोन-तीन पालं पडली व्हती त्यांची. वाऱ्यानं भात्याची ठिणगी उडाली. बाप्या गावात विळे विकाया गेलता. बाई लेकरं घेऊन आत निजली व्हती. गोणपाट अन् ताडपत्री ती, किती वेळ लागतो.

मुन्शीजी स्टुलावरून उतरले होते. हे माझ्या आधी किसनरावांच्या लक्षात आलं. त्यांनी पिशवीतून वही काढली, पहिलं पान उघडलं, आणि बोट ठेवलं ते ‘राहुटी, डेरा’ या शब्दांवर. बराच वेळ बोट तिथंच होतं. मग ते माझ्याकडं न पाहता बोलले.

“तीन गावं पाह्यली मी. डेरा नाय पाह्यला. माझ्याच हातानं लिहिलंय हे, तरी ध्यानात आलं नाय.”

बातमीदारांना काही कळलं नाही. किसनरावांना कळलं असावं, ते तोंड फिरवून केसकडं गेले. मला कळलं होतं. एक पाय दुखावलेला पोरगा. त्याला कुणीतरी पालात लपवलेलं. आणि भाऊ गावामागून गावं धुंडाळत असताना ती पालं गाढवांवर बांधून पुढं निघून गेलेली. मी मुन्शीजींच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. मी बातमीदारांना घेऊन वर गेलो, कारण अण्णा वाट पाहत होते.

अण्णांनी खुलासा स्वतः सांगितला, मी लिहून घेतला. चौकटीत, पहिल्या पानावर, ठळक. ‘पाल येथे आगीची कोणतीही दुर्घटना घडलेली नाही. चुकीच्या वृत्तामुळे संबंधितांना झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ मी म्हणालो, पालातली खरी घटना पण द्यावी का? अण्णा म्हणाले, पुन्हा पाल हा शब्दच नको. लोक आणखी गोंधळतील.

खुलाशाचं प्रूफ साडेअकराला निघालं, म्हणजे नियमानं ते मुन्शीजींकडं गेलं. यावेळी त्यांनी गोल काढला तो ‘घडलेली नाही’ या शब्दांभोवती. समासात काहीच लिहिलं नव्हतं. मी तो गोल तसाच सोडून पान बांधलं.

तो शनिवार होता. रविवारी सुट्टी. सोमवारी मुन्शीजी उशिरा आले, हे त्यांच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. शेरवानीवर धूळ होती. ते स्टुलाकडं न जाता जिना चढून थेट माझ्याकडं आले. रविवारी ते फुलंब्रीला गेले होते, तिथून घिसाड्यांचा माग काढत पुढं. पालं जागेवरून हलली होती. त्यांना ती सिल्लोडच्या रस्त्याला सापडली. तिथंच त्यांनी मुक्काम केला होता.

त्यांनी खिशातून एक कागद काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, यात तिघांची नावं हायत. बाईचं, दोन्ही लेकरांचं. नवऱ्याचं बी हाय. दोन ओळी व्हतील साब, फक्त दोन ओळी.

मी कागदाकडं पाहिलं, पण उलगडला नाही. खुलासा देऊन प्रकरण मिटलं होतं. शिंपीदादांच्या बायकोनं बोलायला सुरुवात केल्याचा निरोप आला होता. अण्णांना पुन्हा पाल नको होतं. मी म्हणालो, मुन्शीजी, आज फार घाई आहे, जागा नाही. आणि खरं सांगू का, कोण वाचणार आहे ते?

“त्यांच्यातलं कुणी वाचणार नाय, ते मला ठावं हाय,” ते म्हणाले. “पण आपण छापलंय की घडलंच नाय. ते बी कुणी वाचलं नाय त्यांच्यातल्या. तरी छापलं तर हाय ना.”

मी घड्याळाकडं पाहिलं. मुद्दाम पाहिलं, त्यांना दिसेल असं. त्यांनी घडी केलेला कागद तसाच उचलला आणि खिशात ठेवला. मग खाली जाऊन बरू काढला आणि त्या दिवसाची सगळी प्रुफं वाचली. त्यात दोन वडगावं होती, एक टाकळी होती. त्यांनी एकही गोल काढला नाही. ऱ्हस्व-दीर्घ तेवढे सुधारले. साडेबाराला पान तयार झालं.

मंगळवारी ते आले नाहीत. बुधवारी किसनराव त्यांच्या घरी जाऊन आले. म्हणाले, बरं वाटत नाय म्हणतात. पुढच्या आठवड्यात आम्ही दुसरा माणूस घेतला. चुणचुणीत होता, कधी काही विचारायचा नाही.

मी त्यांच्या घरी गेलो नाही. पहिला महिना अपराधी वाटत होतं म्हणून, नंतर इतके दिवस गेलो नाही आता कसं जायचं म्हणून. शहर लहान होतं. एक-दोनदा सिटी चौकात ती शेरवानी लांबून दिसली तेव्हा मी दुसऱ्या बोळात वळलो. पुढं सायंदैनिक बंद पडलं, अण्णा वारले, मी दुसऱ्या पेपरात गेलो, तिथून निवृत्त झालो. माझ्या हातून हजारो बातम्या गेल्या असतील. पण म्हातारपणी जाग लवकर येते तेव्हा डोळ्यांपुढं येई तो माझ्या टेबलावरचा घडी घातलेला कागद. मला ती नावं हवीशी वाटायला लागली. कुठं छापणार होतो कुणास ठाऊक. पण हवी होती.

एकदा किसनराव भेटले, काठी टेकत. त्यांनी सांगितलं, मुन्शीजींना जाऊन बारा-पंधरा वर्षं झाली. नसीम बजाजनगरला राहते, तिचा नवरा वाळूजच्या कंपनीत होता.

मी विचारत विचारत बजाजनगरला गेलो. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, बाहेरच्या खोलीत शिलाईची मशीन. नसीमही आता साठीकडं आलेली. मी कुठल्या पेपरातून, ते सांगितलं तशी तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, बसा म्हणाली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

मुन्शीजींनी नंतर कुठं नोकरी केली नाही. घरी शिकवण्या घेतल्या, उर्दू आणि मराठी दोन्ही. हिवाळा आला, सुगी झाली आणि रस्त्यांच्या कडेला पालं पडायला लागली की पिशवी घेऊन निघायचे. सिल्लोडचा रस्ता, पैठणचा रस्ता, जालन्याचा. पालाबाहेर बसून त्यांचे रेशनचे अर्ज लिहून द्यायचे, पोरांच्या शाळेचे दाखले लिहून द्यायचे. आणि म्हाताऱ्या माणसांना विचारायचे, त्या गडबडीच्या साली पाय मोडलेला कुणी पोरगा तुमच्यात राहिला होता का. कुणी व्हय म्हणायचं, कुणी नाय. व्हय म्हणणाऱ्यांचंही पुढं काही जुळायचं नाही. गुडघे चालेनात तेव्हाच त्यांचं जाणं थांबलं.

मी त्यांच्या वहीची चौकशी केली. तसंच, तीन-चार नावं लिहिलेला एखादा कागद त्यात होता का, तेही विचारलं.

ती जरा ओशाळली. म्हणाली, अब्बा गेल्यावर त्यांच्या ट्रंका उघडल्या तर नुसते कागद. त्यात कलमा लिहिलेले होते, कुराणातल्या आयती होत्या, अन् बाकीचं पण. कोणता कागद कसला ते आम्हाला वाचून काढणं होईना. पायदळी येऊ नयेत म्हणून सगळेच ठंडे केले. हर्सूलकडं एक विहीर आहे, तिथं पोत्यात घालून सोडले. वही पण त्यातच गेली.

चहा आला. मग मला बरं वाटावं म्हणून असेल, ती म्हणाली,

“अब्बा तुमचं नाव काढायचे. घरात कुणी तुमच्या पेपरला नावं ठेवली तर रागवायचे. म्हणायचे, ते साब वाईट नव्हते. त्या दिवशी लई घाईत व्हते.”

मी मान हलवली आणि चहा संपवला.

त्या सोमवारी मी घाईत नव्हतो. मुन्शीजी जिना उतरून गेल्यावर किसनराव वर आले होते. तिसऱ्या पानावर शेवटच्या स्तंभात अडीच इंच जागा उरलीय, काय घालू, असं त्यांनी विचारलं. पान बांधायला अजून तासभर होता. मी ड्रॉवर उघडला आणि अशा वेळी घालायला ठेवलेल्या किरकोळ मजकुरातला एक कागद त्यांना दिला. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार कसं ठेवावं, यावर होता तो. माठाखाली वाळू घालावी, ती ओली ठेवावी, माठाला सुती फडकं गुंडाळावं आणि माठ वाऱ्याच्या तोंडी ठेवावा. ते सगळं मला अजून शब्दन् शब्द आठवतं. ती तीन नावं मी वाचलीच नव्हती.